पथ्य एकाचे, व्यवस्था सर्वांची

कार्यकर्त्याच्या शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'त्यांनी स्वतःच्या प्रकृतीची कधीच पर्वा केली नाही.' वक्ता ते गौरवाने उच्चारतो आणि सभाही ते गौरव म्हणूनच स्वीकारते. ज्याच्याविषयी हे बोलले जाते त्याने पुष्कळदा साठीही गाठलेली नसते. मधुमेह दहा-बारा वर्षांपासून असतो. रक्तदाबाच्या गोळ्या दौऱ्यात घ्यायच्या राहून गेलेल्या असतात. डॉक्टरांनी सांगितलेले चालणे 'एवढी निवडणूक आटोपली की' म्हणून पुढे ढकललेले असते, आणि निवडणुका तर कधीच आटोपत नाहीत. तो गेल्यावर तालुक्यातील संघटना पुढे कित्येक वर्षे सावरत नाही. पर्वा न करणे हा गुण होता की दोष, हा प्रश्न शोकसभेत विचारणे अप्रशस्त ठरते. म्हणूनच तो अन्यत्र, आणि वेळेवर, विचारला गेला पाहिजे.

सर्वसाधारण कार्यकर्त्याचा दिनक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. पहाटेची एस.टी. गाठण्यासाठी तो नुसत्या चहावर घराबाहेर पडतो. स्टँडवर वडापाव किंवा भजी होतात. दिवसभरात ज्या ज्या घरी जावे तेथे साखरेचा चहा येतो, आणि तो नाकारणे म्हणजे घरच्या माणसांचा अवमान करणे होय, अशी त्याची समजूत असते. दुपारच्या जेवणाला वेळ नसते. रात्री नऊला सुरू झालेली बैठक साडेअकराला संपते. मग भुकेल्या पोटी पाच पोळ्या किंवा ताटभर भात, लोणचे, पापड, आणि लगेच अंथरूण. दिवसभर धावपळ झाली असे त्याला मनापासून वाटते. परंतु ही धावपळ मोटारसायकलच्या आसनावर, एस.टी.च्या बाकावर आणि बैठकीच्या सतरंजीवर झालेली असते. थकवा खरा असतो; व्यायाम मात्र झालेला नसतो.

हे एका व्यक्तीचे किंवा एका पक्षाचे दुखणे असते तर त्यावर जाहीर चर्चा करण्याचे कारण नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख होती. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. याच देशात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या आणि त्याच वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, उपासमारीचे रोग आणि अतिपोषणाचे रोग शेजारी शेजारी नांदत आहेत. तेव्हा मधुमेह आणि हृदयविकार ही श्रीमंतांची दुखणी होत, ही जुनी समजूत कार्यकर्त्यांनी आता सोडून द्यावयास हवी.

'आपण तर काटकुळे, आपल्याला कसला धोका?' असे समजणाऱ्यांनी पुण्यात झालेले संशोधन ध्यानी घ्यावे. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय शरीर दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगून असते. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधील जॉन यडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण यडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या, वजनाने कमी भरणाऱ्या बालकांतही हाच कल आढळला. मातेच्या कुपोषणाचे परिणाम पुढच्या पिढीच्या मधुमेहात उमटतात, हा या संशोधनाचा आशय केवळ वैद्यकीय नाही. तो दारिद्र्याचा हिशेब आहे.

दोन चुकीची उत्तरे

या प्रश्नाला आज दोन उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर बाजाराचे. त्याच्या मते प्रकृती हा निव्वळ इच्छाशक्तीचा विषय आहे. ज्याला मनगटावरचे पावले मोजणारे यंत्र, वातानुकूलित व्यायामशाळेची वर्गणी, प्रथिनांची भुकटी आणि परदेशी फळे विकत घेता येतात तो निश्चयी. ज्याला येत नाहीत तो आळशी. रोगाचे सारे दायित्व रोग्यावर टाकून मोकळे होण्याची ही रीत आहे. जानेवारीत उत्साहाने सुरू झालेले हे व्यायाम फेब्रुवारीत बंद पडतात आणि वर्गणी मात्र वर्षाची वसूल झालेली असते.

दुसरे उत्तर चळवळीतून येते. व्यायाम आणि पथ्य हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. समाजव्यवस्था बदलली की लोकांचे आरोग्य आपोआप सुधारेल. तोवर शरीराचे लाड कसले? या युक्तिवादात त्यागाचा सूर असल्यामुळे तो पटकन पटतो. परंतु त्याची तपासणी केली तर तो पहिल्याच उत्तराची उलटी बाजू ठरतो. बाजार म्हणतो, सर्व काही व्यक्तीच्या हाती आहे. हा म्हणतो, व्यक्तीच्या हाती काहीच नाही. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे.

ती समजून घेण्यासाठी लंडनच्या बसगाड्यांचे उदाहरण उपयोगी पडते. जेरी मॉरिस या संशोधकाने तेथील परिवहन कर्मचाऱ्यांच्या हृदयविकाराचा अभ्यास करून १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक बहुतेक पाळी बसून काढी. वाहक तिकिटांसाठी रोज सुमारे पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. वर्ग एक, वस्ती एक, पगारातही फार अंतर नाही. पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा बरेच कमी होते आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे निम्मे. चालकांपैकी अनेक जण आधीपासूनच स्थूल होते, हेही मॉरिस यांना पुढे दिसून आले. तरीही मूळ निष्कर्ष नंतरच्या संशोधनाने पक्का होत गेला. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शरीराच्या हालचालीने प्राण वाचतात ही एक. आणि कोणाच्या वाट्याला किती हालचाल यावी हे पुष्कळसे कामाच्या रचनेवर ठरते ही दुसरी. वाहक काही चालकापेक्षा अधिक निश्चयी नव्हता. त्याच्या दिवसातच जिना होता.

टिकणाऱ्या दिनक्रमाचे सारे रहस्य या जिन्यात आहे. निश्चय चार दिवस पुरतो. दिवसाच्या रचनेत बसवलेली गोष्ट वर्षानुवर्षे चालते.

आजारी माणसाने काय करावे?

आता रोग जडलाच आहे, गुडघे दुखतात, दम लागतो, मग व्यायामाने काय साधणार, ही शंका स्वाभाविक आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोक होते. अडीच वर्षांच्या सुमारास, काहीच न बदललेल्या गटात शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे आणि आहारातील बदल स्वीकारलेल्या गटात शंभरांपैकी ३९ जणांना. औषध घेणाऱ्यांना मिळालेला लाभ जवळपास एवढाच होता. ज्यांना रोग जडून वर्षे लोटली आहेत त्यांच्यासाठीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात तोच सल्ला दिला आहे : आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारी मेहनत, ज्याला एवढे जमत नाही त्याने जमेल तेवढे करावे, कारण थोडेही निरर्थक जात नाही.

दीडशे मिनिटे हा आकडा मोठा वाटतो. परंतु दर जेवणानंतर दहा मिनिटे चालले तरी तो भरून निघतो. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातील २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहींना एकदाच सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने अधिक लाभ झाला. जेवणानंतरची साखर सरासरीने १२ टक्के, आणि रात्रीच्या जेवणानंतरची २२ टक्के कमी राहिली. यासाठी मैदान लागत नाही, बूट सोडल्यास खर्च नाही. बैठकीहून घरी जाताना मोटारसायकलवर मागे बसण्याऐवजी शेवटचा टप्पा पायी गेले तरी पुरे.

गुडघेदुखी असलेल्याने चालणे सोडून देऊ नये. मांडीचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश दहा वेळा उठणे-बसणे हा त्याचा साधा आरंभ आहे. रक्तदाब असलेल्याने जोर लावताना श्वास कोंडू नये. मधुमेहामुळे ज्याच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्याने अनवाणी मोर्च्यात चालण्याचा मोह टाळावा आणि रोज रात्री पाय तपासावेत; न कळलेली जखम पाय घेऊन जाते. जो इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेतो त्याने खिशात साखर ठेवावी, आणि दरदरून घाम, थरथर सुरू होताच ती तोंडात टाकावी. अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता साखळी उपोषणास बसू नये. त्याच्या जागी बसणारा दुसरा कार्यकर्ता मिळू शकतो. चालताना छातीत दुखले किंवा दाटून आले तर थांबावे आणि तपासणी करून घ्यावी. पुढच्या सभेची वाट पाहू नये.

आहाराच्या बाबतीत परक्या धान्यांचा आणि महागड्या बियांचा बडेजाव निष्कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाचे सार असे की ताटातील धान्याचा वाटा कमी करून डाळी-कडधान्ये व भाज्यांचा वाढवावा. मराठी स्वयंपाकघरात याचा अर्थ अगदी सोपा आहे. पोळ्या पाचाऐवजी तीन, उसळ दुप्पट, पालेभाजी रोज. भात वाटीने मोजून. मीठ दिवसाला पाच ग्रॅमांच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत, आणि त्यात पापड-लोणचे-फरसाण यांतील मीठही धरायचे. ज्वारीची भाकरी उत्तम. परंतु भाकरी म्हणजे औषध नव्हे, चार भाकऱ्यांनी साखर चढतेच. एकादशीची साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालत असली तरी मधुमेहाला चालत नाही. आणि चहा नाकारण्याचा संकोच वाटत असेल तर तो बिनसाखरेचा मागावा. घरोघरी चार वेळा मागितला की पाचव्यांदा यजमान स्वतःच विचारून घेतो. कार्यकर्ता एवढेही मतपरिवर्तन घडवू शकत नसेल तर मोठ्या मतपरिवर्तनाची भाषा त्याने जपून वापरावी.

चुकलेल्या दिवसाचे काय? लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडण्यास मध्यमान ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेपर्यंत लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. व्रत मोडले की ते संपते. सवय एका खंडाने मोडत नाही. दुखणे उचल खाईल, ताप येईल, निवडणूक येईल. पुन्हा सुरुवात करताना मागच्या वेगापासून नव्हे, पहिल्या दहा मिनिटांपासून करावी, म्हणजे अपयशाची बोचणी राहत नाही.

जिना कोणी बांधायचा?

येथपर्यंतचा विचार व्यक्तीच्या हातातला झाला. परंतु घरात पथ्याचे ताट वाढते कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो अप्रामाणिक राहील. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. कार्यकर्त्याच्या पथ्यासाठी घरातील स्त्रीने वेगळा स्वयंपाक करायचा, तो रात्री साडेअकरापर्यंत झाकून ठेवायचा, आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी, स्वतःच्या रक्तदाबासाठी मात्र तिला दहा मिनिटेही मिळू नयेत, असे होत असेल तर ती प्रकृतीची साधना नव्हे, घरातील शोषणाची नवी तऱ्हा होय. पथ्याचा स्वयंपाक वेगळा नसावा. तो सर्व घराचा एकच असावा. आणि ज्याचे पथ्य त्याने भाजी निवडावी, चिरावी. त्यात चळवळीचे काही नुकसान नाही.

वेळ ही श्रमिकाला कधीच दान म्हणून मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडा केला तेव्हा १८९० मध्ये रविवार मोकळा मिळाला. आज मोटारसायकलवरून घरपोच अन्न पोचवणाऱ्या तरुणाला किंवा बारा तास उभ्या राहणाऱ्या रखवालदाराला 'रोज व्यायाम करा' असे सांगणे ही थट्टा आहे. गोण्या वाहणाऱ्या हमालाला कोणी 'तुमचा व्यायाम होतोच' असे म्हणेल. परंतु विश्रांती नसलेले जड कष्ट शरीर घडवत नाहीत, झिजवतात. कामाचे तास आणि विश्रांती ही आरोग्याचीच मागणी आहे, हे संघटनांच्या मागणीपत्रकात स्पष्टपणे यावयास हवे.

अन्नाचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. तरीही महाराष्ट्राच्या रेशन दुकानात मुख्यत्वे गहू-तांदूळच येतो, आणि ज्या मराठवाड्यात व सोलापुरात ज्वारी पिकते तेथील गरिबाला ती बाजारभावाने विकत घ्यावी लागते. रेशनवर ज्वारी-बाजरी आणि डाळ नियमाने मिळणे हे मधुमेहावरचे सार्वजनिक पथ्य ठरेल.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा चळवळीच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात ताजे, पोटभर अन्न मिळावे, नफा हा हेतू नसावा, एवढीच त्यामागची कल्पना होती. हमालाला आहारशास्त्रावर व्याख्यान देण्याऐवजी त्याच्या वाटेवर भाकरी ठेवण्यात आली. व्यायामाबाबतही कोल्हापूरच्या तालमी, अमरावतीचे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९४१ नंतरच्या राष्ट्र सेवा दलाच्या सायंशाखा, या सर्वांनी व्यायाम ही एकट्याने विकत घ्यायची वस्तू मानली नाही. सोबत असली की पाय आपोआप मैदानाकडे वळतात.

ती मैदानेच आता नाहीशी होत आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी जागा राखीव ठेवता येते. परंतु दहा वर्षांत ती संपादित झाली नाही तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊन आरक्षण संपुष्टात आणू शकतो. किती नगरपालिकांत किती मैदाने या वाटेने गेली, याची यादी मागणे हे प्रत्येक शाखेला करता येण्याजोगे काम आहे. त्याचप्रमाणे तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट असताना आपल्या उपकेंद्रात ती होते काय आणि गोळ्या महिनाभर पुरतात काय, हेही पाहता येईल.

परंतु शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी पक्षाला स्वतःच्या कार्यालयातही डोकावता येईल. बैठका साडेआठच्या आत संपवाव्यात. चहाबरोबर भजी-फरसाणाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, काकडी ठेवावी. शिबिराचा आरंभ अर्ध्या तासाच्या चालण्याने व्हावा. ज्याला चालता येत नाही त्याने खुर्चीवर बसून हातपाय हलवावेत. तंबाखूची पुडी सतरंजीवर फिरू नये. दर सहा महिन्यांनी कार्यकर्त्यांचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी आणि त्याची नोंद वर्गणीच्या नोंदीइतक्याच काळजीने व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

चालणे ही चळवळीला परकी गोष्ट कधीच नव्हती. पोटातील व्रणाच्या जुनाट विकाराने त्रस्त असलेले विनोबा १९५१ मध्ये भूदानासाठी निघाले ते मोजूनमापून घेतलेल्या आहारावर. चंद्रशेखर १९८३ मध्ये कन्याकुमारीहून दिल्लीतील राजघाटापर्यंत पायी आले. निघाले तेव्हा दोघांचेही वय पंचावन्न होते. शोकसभांतून ज्याच्या बेपर्वाईचे कौतुक होते त्या कार्यकर्त्याचे असते साधारण तेवढेच. देहाची निगा राखणे आणि देह झिजवणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

समाजवादाच्या वाटेवर कार्यकर्ता हा सर्वांत दुर्मिळ साधनसंपत्ती आहे. पैसा पुन्हा उभारता येतो, कार्यालय पुन्हा बांधता येते. तीस वर्षे गावोगाव विश्वास कमावलेला माणूस पुन्हा मिळत नाही. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय शेवटी 'आयत्या वेळचे' म्हणून न घेता आरंभी घ्यावा, आणि बैठक वेळेवर संपवून सर्वांनी घरी चालत जावे.